कोट्यापुरती शिवण

फानताई कॉलर लावायची. शर्टाच्या कामात कॉलर सगळ्यात किचकट. बाही जरा इकडेतिकडे झाली तर इस्त्रीवाला सांभाळून घेतो, पण कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा तांदळाएवढं जरी लांब झालं तरी शर्ट परत येतो. फानताईने लावलेली कॉलर परत आल्याचं मला आठवत नाही. मी तिच्या मागच्या रांगेत काजाच्या मशीनवर बसायचे, त्यामुळे वीसेक वर्षं मी तिची पाठच पाहिली. ती रागावली आहे की खुशीत आहे, हे मला तिच्या खांद्यांवरून कळायचं.

तिचं पूर्ण नाव कुओक सुत-फान. मकाऊत ती आली ती चीनमधल्या चुंगसानच्या बाजूने, ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या चिखलातून चालत, नवऱ्याबरोबर. तेव्हा ती पंचविशीची होती. नवरा पुढे दहा-बारा वर्षांनी सीमेचं दार ओलांडून परत गेला आणि पलीकडे दुसरी बाई करून राहिला. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "येताना चिखलातून आला, जाताना बसने गेला. त्याचं बरं झालं."

त्या दिवसांत मकाऊत काम शोधायला लागत नसे. हाँगकाँगचे कारखानदार बोटीतून उतरायचे, 'काळी वाळू' नावाच्या भागात उंच इमारतींचे मजलेच्या मजले घ्यायचे आणि खाली दारावर पाटी लावायचे, 'शिलाईच्या बाया पाहिजेत'. हे सगळं कोट्यामुळे. अमेरिकेने आणि युरोपवाल्यांनी करार करून ठरवलं होतं, की हाँगकाँगकडून वर्षाला इतके डझन शर्ट घेऊ, इतक्या डझन पँटी, त्यावर एकही नाही. हाँगकाँगचा वाटा संपला की तिथल्या मालकांना आठवायचं, की समुद्रापलीकडे मकाऊ म्हणून एक गाव आहे आणि त्याचा वाटा वेगळा आहे. तोवर आमचं गाव फटाके, उदबत्त्या आणि काड्यापेट्या करून पोट भरत होतं. दहा वर्षांत सगळं गाव शिवायला बसलं.

कोटा म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला कुणी बसवून सांगितलं नाही. पण त्याच्याइतकं कुणाचं नाव आमच्या तोंडी नसायचं. कोटा भरला, की पावसाळा संपता संपता मशिनी बंद आणि आम्ही घरी. कोटा उरला, की वर्षअखेरीला जेवायलाही उठू द्यायचे नाहीत, कारण यंदा वापरला नाही तर पुढच्या वर्षी सरकार तेवढा कापून दुसऱ्याला द्यायचं. आमची मुकादमीण सोईलाई म्हणायची, "सासू परवडली. ती निदान दुपारी झोपते तरी."

ही सोईलाई माझ्याच वयाची. जीभ तिखट, पण कुणाचं पोर आजारी असलं तर तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिची स्वतःची तीन पोरं. नवरा मासळीबाजारात बर्फ फोडायचा आणि पाठ धरली की आठ-आठ दिवस घरी बसायचा.

आमचे मालक टाम. ते स्वतः हाँगकाँगात कटिंग मास्तर होते, हातात कात्री धरून मोठे झालेले. नवीन वर्षाला प्रत्येकीच्या हातात पैशांचं लाल पाकीट स्वतः द्यायचे, हिवाळ्याच्या सणाच्या जेवणाला भाजलेला हंस मागवायचे. फानताईला ते नुसतं 'फान' म्हणायचे, आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला तिच्या मशीनपाशी उभं करायचे. "बघा," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक बघायचं. फानताई मान वर करायची नाही.

मग सीमेपलीकडची मजुरी आमच्या मजुरीच्या निम्म्यावर आली. पलीकडे म्हणजे कुठे लांब नाही, आमच्या इमारतीच्या गच्चीवरून तिकडचं वाळत घातलेलं धुणं दिसायचं. टाम मालकांनी आधी कटिंग तिकडे नेलं. मग बाह्या. मग इस्त्री. करारात म्हटलं होतं, की मकाऊच्या कोट्यात जाणारा शर्ट मकाऊतच शिवलेला हवा. म्हणून सुरुवातीला जोडणीचं काम तरी इथे राहिलं. नंतर तेही गेलं. शर्ट तिकडेच पुरते शिवून, घडी करून, 'मेड इन मकाऊ'चं लेबल लावून खोक्यांत यायचे आणि आमच्या इमारतीखालून दुसऱ्या ट्रकात चढून बंदराकडे जायचे. आमच्या मजल्यापर्यंत येतही नसत.

मजला मात्र बंद करता येत नव्हता. कोटा ज्याच्या नावावर, त्याचा कारखाना चालू असायला हवा, नाहीतर कोटा जातो. आणि कारखाना चालू आहे का हे बघायला माणसं यायची. कधी आमच्या सरकारची, कधी थेट अमेरिकेच्या कस्टमची. म्हणून आम्ही वीसेक बाया उरलो. दोनशेंच्या जागी वीस. आमचं काम बसणं.

बसायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. मशीनवर अर्धवट शिवलेला माल दिसला पाहिजे. त्यासाठी मालकांनी शर्टांचे कापलेले तुकडे दिले होते, त्या हंगामात जे शर्ट जायचे त्याच कापडाचे. खाली दारावरचा म्हातारा रखवालदार कुणी परकं आलं की आमच्या मजल्याची घंटा वाजवायचा. घंटा वाजली की दिवे सगळे लावायचे, तुकडे पसरायचे, मशिनी चालू करायच्या. ती माणसं वर येईपर्यंत कारखाना चालू झालेला असायचा. ती गेली की शिवलेलं उसवायचं, कारण तुकडे तेवढेच होते. पुढच्या वेळी तेच पुन्हा शिवायचं.

घंटा काही रोज वाजायची नाही. पण सोईलाईला धाक. ती म्हणायची, "हाताला सवय राहू दे." म्हणून मधल्या दिवसांतही आम्ही थोडं शिवायचो आणि थोडं उसवायचो. बाकीच्या बायांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मलाही नाही. पगार चालू होता, पंखा होता, गप्पा होत्या. सोईलाईने भाजी निवडायला आणायला सुरुवात केली, कुणी विणकाम आणायचं, कुणी मशीनवर डोकं टेकून डुलकी काढायची. पंचविशीपासून राबलेल्या बाया, आयतं बसायला मिळालं तर कुणाला नको असतं?

फानताईला ते सोसलं नाही. पहिल्या वर्षी ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिचे खांदे खाली आले. मला मागून दिसायचं. पूर्वी दिवसभर कॉलरी लावून ती संध्याकाळी जिना उतरायची तेव्हा ताठ असायची, आणि आता काहीच न करता ती कठड्याला धरून उतरायला लागली.

"बरं नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"अंग दुखतं."

"कशाने? दिवसभर बसलोय तर."

"त्यानेच," ती म्हणाली. "लिन, त्या कॉलरला भोकं पडलीत. टीप मारायला जागा उरली नाही. मी नवी टीप जुन्या भोकांतून मारते. कापड विरून हातात यायला लागलंय."

तिने मला कॉलर दाखवली. कडेने सुईच्या भोकांची जाळी झाली होती. तिने सोईलाईकडे नवे तुकडे मागितले, सोईलाईने मालकांना फोन केला. मालक बहुतेक वेळ पलीकडच्या कारखान्यातच असायचे. ते म्हणाले, "दाखवायला चालतंय ना? मग राहू दे."

फानताईची मागाहून मकाऊत आलेली आई तेव्हा नन्सच्या वृद्धाश्रमात होती. तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण फानताई दर रविवारी जाऊन तिला पेज भरवायची. एका सोमवारी येऊन ती म्हणाली, "तिथल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर बघवत नाही. पाठीमागे बांधायचे झगे असतात ना, सगळे फाटलेत. सिस्टर म्हणते, शिवून देणारं कुणी नाही."

आमच्या मजल्यावर मागच्या मांडणीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मऊ कापडाची ठाणं पडली होती. कुठल्यातरी जुन्या गिऱ्हाइकाने माल नाकारला होता, तेव्हापासूनची. फानताईने खुर्ची घेतली, वर चढली आणि एक ठाण ओढून खाली टाकलं. धुरळा उडाला.

सोईलाई निवडायची भाजी बाजूला ठेवून आली. "हे काय चाललंय?"

"झगे शिवते."

"मालकांना कळलं तर?"

"मालक येतात कुठे इथे? आणि त्यांनाही मशिनी चालूच हव्यात ना."

सोईलाईने ठाणाची कड बोटांत धरून पाहिली. मग म्हणाली, "नासू नकोस कापड," आणि परत भाजीकडे गेली.

फानताईने आईच्या मापाने पहिला झगा कापला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या झग्यांना बंद ओवायला काजं करून दिली. मग पलीकडच्या रांगेतली एकजण म्हणाली, बाह्या मी लावते, मला हात आखडल्यासारखे झालेत. आठवड्याभरात निम्म्या बाया झगे शिवत होत्या. सोईलाई दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्याने राहवेना, कारण एकीची बाही उलटी लागली होती. "आंधळ्या झालात का गं सगळ्या?" असं म्हणत तिने ती उसवली आणि स्वतः लावायला बसली. मग उठलीच नाही.

ते दोन-तीन आठवडे मला अजून आठवतात. मजल्यावर पुन्हा आवाज झाला. मशिनींचा आवाज असा असतो, की त्यात बोलायला ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललं की साध्या गोष्टीचंही हसू येतं. दुपारचे डबे वाफेवर ठेवायला आम्ही विसरायचो. झग्यांचा पहिला गठ्ठा आम्ही आश्रमात पोचवला. फानताईच्या आईने नव्या झग्याचा बंद तोंडात घालून चावला. सिस्टर म्हणाली, तिला आवडला.

आणि या आवाजापायी आम्हाला घंटा ऐकू आली नाही.

रखवालदार नंतर शपथ घेऊन सांगत होता, की त्याने तीनदा वाजवली. वाजवली असेल. आम्हाला कळलं तेव्हा ती माणसं दारात उभी होती. एक उंच, उतारवयाचा अमेरिकन, कस्टमचा. त्याच्याबरोबर आमच्या सरकारच्या खात्यातला एक साहेब आणि दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी. त्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून ते जिना चढून आले होते. अमेरिकनचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्याला बोलण्याआधी श्वास घ्यावा लागत होता. फानताईची मशीन दाराजवळ. तिने उठून आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि थर्मासमधला चहा कपात ओतून दिला. तो बसला, चहा प्यायला. मग त्याने तिच्या मशीनवरचा झगा उचलला.

"हे काय आहे?" दुभाषी मुलीने विचारलं.

सोईलाई धावत आली होती. "नमुने," ती म्हणाली. "नव्या गिऱ्हाइकाचे नमुने आहेत, साहेब."

अमेरिकनने हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याच्या कागदाप्रमाणे आमच्या मजल्यावरून त्या महिन्यात बायकांचे शर्ट गेले होते, हजारोंनी. त्याने सगळ्या मजल्यावरून नजर फिरवली. प्रत्येक मशीनवर पट्ट्यापट्ट्यांचा झगा. शर्टाचा एक तुकडा कुठे नाही. ते तुकडे आम्ही पिशवीत भरून कोपऱ्यात टाकले होते.

तो सोईलाईकडे वळला नाही. त्याने फानताईला विचारलं, तीच समोर होती म्हणून. मुलगी म्हणाली, "काकू, साहेब विचारतायत, तुमचं इथलं काम काय?"

"कॉलर लावते."

"या कपड्याला तर कॉलर नाही."

"नाही."

"मग शेवटची कॉलर कधी लावलीत?"

सोईलाई खोकली. मी काजाच्या मशीनवरून फानताईची पाठ बघत होते. ती हलली नाही.

"उन्हाळ्यात," फानताई म्हणाली. "पण ती मीच आधी उसवलेली होती."

मुलीला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तीच कॉलर. दोन वर्षं तीच आहे. लावायची, उसवायची, परत लावायची."

मुलीला आता कळलं होतं. ती आमच्याच गावची पोर, तिचीही आई कुठल्यातरी मजल्यावर शिवायला बसत असेल. तिने हळूच विचारलं, "काकू, हे असंच सांगू का?"

"तुझं काम सांगायचं आहे ना, बाळा. सांग."

मुलीने सांगितलं. अमेरिकनने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काही पकडल्याचा आनंद वगैरे दिसला नाही. त्याने चष्मा काढून डोळे चोळले, उरलेला चहा संपवला आणि कप फानताईच्या हातात परत दिला. मग आमच्या साहेबाने फोन करून माणसं बोलावली आणि सगळे झगे, ठाणं, कोपऱ्यातली तुकड्यांची पिशवी, सगळं पुरावा म्हणून खोक्यांत भरून नेलं.

ते गेल्यावर कुणी मशीन चालू केली नाही. सोईलाई फानताईच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुला बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"त्याने विचारलं."

"विचारलं म्हणून? नमुने आहेत म्हणायचं. मी तोंडात घालून दिलं होतं तुझ्या. तेवढंही जमलं नाही?"

"सोईलाई, मी दमले गं," फानताई म्हणाली. "खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता आज."

"दमलीस," सोईलाई म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "तुला एकटीचं पोट. आई आश्रमात. माझी तिघं शाळेत आहेत, घरात बसलेला नवरा आहे. मी दमत नाही का? मला कुणी विचारलं?"

फानताईने चहाचा कप धुतला आणि पालथा घातला.

टाम मालक चार-पाच दिवसांनी आले. आम्हाला वाटलं होतं आरडाओरडा करतील. ते आले आणि फानताईच्या मशीनसमोर दुसऱ्या एका स्टुलावर बसले. केस एकदम पांढरे दिसत होते. कदाचित रंग लावायचं राहिलं असेल.

"ती कॉलर मला खात्यात दाखवली," ते म्हणाले. "एवढी उसवली होती?"

"तुकडे मागितले होते मी."

"हो. सोईलाईने फोन केला होता." मग म्हणाले, "फान, एकच वर्ष राहिलं होतं. पुढच्या वर्षअखेरीला कोटाच उठतोय. सगळ्या जगातला. मग कुणी तपासायला येणार नव्हतं."

"मग तुम्ही आम्हाला ठेवलं नसतंत."

"नसतं ठेवलं. कशाला ठेवू? पण एक वर्ष तरी गेलं असतं."

"मालक," फानताई म्हणाली, "नवीन कापड दिलं असतंत ना, तर मी वर्षभर गप्प बसून शिवत राहिले असते. कुठे जातं, कुणाच्या नावावर जातं, मी विचारलं नसतं. कधी विचारलं होतं का?"

मालकांनी मान हलवली. बराच वेळ मशीनच्या चाकावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवले." ते उठले.

सरकारने त्यांचा कोटा काढून घेतला. हिवाळ्याच्या जेवणाआधीच मजला बंद झाला. त्यांनी कायद्याने द्यायचं ते सगळ्यांना दिलं, कुणाचं बुडवलं नाही. मशिनी भंगारात गेल्या. माझी काजाची मशीन चौघांनी उचलून लिफ्टमध्ये घातली तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले, ती जाताना बघायला.

त्यानंतरचं वर्ष फानताईला वाईट गेलं. बाया तिच्याशी उघड भांडल्या नाहीत. बाजारात समोर आली की कोबी बघायला लागायच्या. देवळात तिच्या शेजारी उदबत्ती लावायला कुणी उभं राहायचं नाही. बाकीच्या कारखान्यांच्या मुकादमांकडे तिचं नाव आधीच पोचलं होतं. एकाने तिला तोंडावर सांगितलं, "तुझा हात मला माहीत आहे, ताई, पण तोंडाची भीती वाटते." मला एका कारखान्यात काजाचं काम मिळालं. सोईलाईलाही दुसरीकडे मिळालं, मुकादमीण म्हणून नाही, साधी. फानताई एका पेजेच्या दुकानात भांडी घासायला लागली. पहाटे पेज शिजवणाऱ्यांबरोबर उभं राहायचं आणि दुपारपर्यंत वाट्या घासायच्या. मी कामावर जाताना तिथे पेज खायला थांबायचे. ती मागून हात पुसत यायची, माझ्या वाटीत मासळीचा एक जास्तीचा तुकडा टाकायची आणि परत जायची. बोलायला वेळ नसायचा.

त्या वसंतात तिची आई गेली. झग्यांची ती नेलेली खोकी खात्याने परत केली नाहीत, तिनेही मागितली नाहीत.

मग ते वर्ष संपलं आणि टाम मालक म्हणाले होते तसंच झालं. कोटा उठला. आता कुणीही कुठूनही कितीही शर्ट घ्यावेत. मग मकाऊतून कुणी कशाला घेईल? नव्या वर्षानंतर काळ्या वाळूच्या भागात मजल्यामागून मजले विझत गेले. मी अठरा वर्षांची असल्यापासून त्या रस्त्यावर मशिनींची घरघर ऐकत होते. आता तिथून जाताना आपल्याच चपलांचा आवाज यायचा. माझा कारखाना गेला, सोईलाईचा गेला. समुद्राच्या बाजूला मात्र मोठमोठी कॅसिनो उभी राहत होती. सगळे म्हणायचे, कामाला तोटा नाही, फक्त वेगळं काम शिकायला हवं.

सरकारने आमच्यासारख्यांसाठी वर्ग काढले. पंचेचाळिशीच्या वरच्या बायांसाठी हॉटेलातल्या खोल्यांचं काम. एका शाळेच्या हॉलमध्ये दहा-बारा पलंग मांडले होते. शिकवणारी मुलगी आमच्या लेकींच्या वयाची. ती आम्हाला 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायला शिकवायची, आणि आम्ही सगळ्या खाली बघून हसायचो. पहिल्याच दिवशी मी फानताईला दाराशी पाहिलं, आणि सोईलाईला खिडकीशी. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोन टोकांना बसल्या.

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. शिकवणाऱ्या मुलीला आमचं काय माहीत. तिने यादीतल्या क्रमाने जोड्या लावल्या आणि फानताईच्या जोडीला सोईलाई आली. मोठ्या पलंगाची चादर, दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, मग चालत जवळ येऊन कोपरे जुळवायचे. पहिल्या खेपेला दोघी गप्प. दुसऱ्या खेपेला सोईलाई म्हणाली, "कोपरा नीट धर. सटकतोय."

"हातात पकड राहिली नाही."

"वाट्या घासतेस ना अजून?"

"हो."

पुन्हा ताणलं, पुन्हा जवळ आल्या. मी शेजारच्या पलंगाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं. सोईलाई चादरीकडे बघत म्हणाली, "तू बोलली नसतीस तरी हेच झालं असतं."

"झालं असतं," फानताई म्हणाली. "पण एक वर्षानं. ते वर्ष तुझं होतं, मी घालवलं."

सोईलाईने तिच्या हातातले कोपरे आपल्या हातात घेतले आणि घडी पलंगावर ठेवली. "थोरली शाळा सोडून दुकानात लागली," ती म्हणाली. "ती म्हणते, बरं झालं, गणित येतच नव्हतं." मग पुढची चादर उचलत म्हणाली, "झगे चांगले झाले होते पण."

"तुझ्या बाह्या होत्या," फानताई म्हणाली.

त्या दोघी काही मैत्रिणी झाल्या नाहीत. पण बाजारात भेटल्या की बोलायच्या, आणि सोईलाई बोलते म्हटल्यावर बाकीच्याही बोलायला लागल्या.

वर्ग संपल्यावर सोईलाईला आणि मला खोल्यांचं काम मिळालं. फानताई पन्नाशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, तिला पलंगांचं काम द्यायला कुणी तयार होईना. शेवटी एका कॅसिनोने तिला तळघरातल्या गणवेशाच्या खोलीत घेतलं. पत्ते वाटणाऱ्या पोरापोरींची जाकिटं, वेटरांचे शर्ट, दारावरच्यांचे कोट. तुटलेलं बटण, फाटलेला खिसा, उसवलेली बाही, एवढंच काम. शर्ट सगळे सीमेपलीकडून शिवून यायचे, ट्रकातून उजळ माथ्याने. किती येतात, कुठून येतात, कुणी विचारायचं नाही. मी एकदा तिला म्हटलं, "चांगले शिवतात का गं ते?" तिने एका शर्टाची कॉलर उलटून पाहिली. "घाईत शिवतात," ती म्हणाली. "त्यांनाही कुणीतरी घाई करत असेल."

त्या तळघरात खिडकी नव्हती. ट्यूबलाइटखाली ती बारा वर्षं बसली. पगार चांगला होता, जेवण फुकट होतं, कुणी त्रास दिला नाही. भेटले की मी विचारायचे, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय."

टाम मालक हाँगकाँगात मुलाकडे गेले, तिकडेच वारले. कुणीतरी सांगितलं. फानताईने त्यांच्या नावाने उदबत्ती लावली. मी म्हटलं, "तुझ्यावर राग असेल त्यांचा." ती म्हणाली, "असेल. पण बावीस वर्षं त्यांनी माझ्या कॉलरी पाहिल्या. दुसऱ्या कुणी पाहिल्या?"

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी तिला आणायला गेले. कात्री, टेप, सुयांची डबी तिने एका तरुण मुलीच्या हवाली केली. मग म्हणाली, "लिन, इतकी वर्षं मागच्या दाराने आले. वर काय आहे ते एकदा बघू या का?" आम्ही पुढच्या दाराने आत गेलो. गालिचा इतका जाड होता, की तिच्या गुडघ्यांना त्रास होत होता. सगळीकडे दिवे, यंत्रांचे आवाज, टेबलांभोवती माणसं. कुणी हसत नव्हतं. एका टेबलापाशी ती थांबली. पत्ते वाटणाऱ्या पोराकडे बघत राहिली. त्याच्या जाकिटाची डावी बाही तिनेच गेल्या आठवड्यात लावली होती, असं म्हणाली. पोराने तिला ओळखलं नाही. तो तिला फक्त म्हणाला, "आजी, खेळणार नसाल तर जरा मागे सरा."

ती मागे सरली. "चल," मला म्हणाली. "आवाज फार आहे."

आम्ही बाहेर येऊन नूडल्स खाल्ल्या आणि घरी जायची बस धरली. खिडकीशी बसल्या बसल्या तिला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं, तोंड जरा उघडं. आमचा थांबा आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि बसून राहिले. बस तशीच पुढे गेली. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, "उतरायचं नाही का, काकू?" मी त्याला हाताने हळू बोलायला सांगितलं आणि म्हटलं, "परत जाताना सोड आम्हाला. तिला झोपू दे."